उबेला औषधाचे लेबल नको

शहरांतल्या जिममध्ये, स्पामध्ये आणि दवाखान्याचा भास व्हावा अशा 'वेलनेस सेंटर'मध्ये इन्फ्रारेड सौनाची लाकडी केबिन आता रुळू लागली आहे. आत एक बाक, भिंतींत बसवलेले हीटर, पुढे काचेचे दार. अर्धा-पाऊण तास बसायचे, घाम काढायचा, अंग पुसून बाहेर यायचे. ज्याला हे आवडते आणि परवडते त्याने खुशाल करावे. आक्षेप आहे तो सोबतच्या जाहिरातीला. शरीरातली विषद्रव्ये निघून जातात, वजन उतरते, रक्तदाब आटोक्यात येतो, मधुमेहाला गुण पडतो, हृदय बळकट होते, सांधे मोकळे होतात, त्वचा उजळते, नैराश्य जाते, अशी लांबलचक यादी या केबिनबरोबर फिरत असते. एकाच उपकरणाने इतके सगळे साधते असे कुणी सांगू लागले की पुरावा मागावा. तो मागितला तर हाती अगदीच काही लागत नाही असे नाही. काही संशोधन खरोखर आशा वाढवणारे आहे. पण या विक्रीचा मोठा भाग उसन्या पुराव्यावर चालतो. फिनलंडच्या पारंपरिक सौनावर झालेले संशोधन इन्फ्रारेड केबिनच्या नावावर खपवले जाते. आणि हे आश्वासन ज्यांना सर्वात गोड वाटते, त्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनाच धोकाही सर्वात जास्त असतो.

दोन्ही सौनांत घाम येतो, पण दोन्हींची रीत वेगळी आहे. फिनलंडच्या सौनात दगड तापवतात, खोलीतली हवा ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, मधूनमधून दगडांवर पाणी टाकून वाफ काढतात. इन्फ्रारेड केबिनमधली हवा साधारण ४५ ते ६० अंशांवर राहते आणि हीटरमधून निघणारे अवरक्त किरण थेट अंगावर पडतात. शेकोटीसमोर बसल्यावर चेहऱ्याला जी धग लागते ती याच किरणांची. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली त्यांचा शोध लावला आणि त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन हार्वे केलॉग यांनी विजेच्या दिव्यांनी शेक देणारी पेटी बनवून आपल्या आरोग्यधामात रुग्णांना तिच्यात बसवले. म्हणजे ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. नवा आहे तो दावा, की हे किरण त्वचेखाली काही सेंटीमीटर खोल शिरून पेशी न् पेशी आतून तापवतात. बहुतेक केबिनमध्ये दूर-अवरक्त किरणांचे हीटर असतात. हे किरण पाण्यात फार लवकर शोषले जातात आणि आपल्या त्वचेत पाणी भरपूर आहे, त्यामुळे त्यांची जवळपास सगळी ऊर्जा त्वचेच्या वरच्या, मिलिमीटरभरही नसलेल्या थरातच संपते. जवळ-अवरक्त किरण थोडे खोल, काही मिलिमीटरपर्यंत पोहोचतात. तिथून पुढे उष्णता आत नेते ते रक्त. कोणत्याही शेकाने हेच घडते, गरम पाण्यानेही.

आता उसन्या पुराव्याकडे वळू. पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओ शहरात आणि आसपास राहणाऱ्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेणारा अभ्यास यारी लाउक्कानेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये अचानक हृदय बंद पडून येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण, आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्के कमी आढळले; कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू ४० टक्के कमी. आकडे थक्क करणारे आहेत आणि जाहिरातीत तेच झळकतात. पण अभ्यास नीट वाचला तर तीन गोष्टी दिसतात. एक, ही माणसे ज्या सौनात बसत होती तिचे तापमान सरासरी ७९ अंशांच्या आसपास होते. इन्फ्रारेड केबिनचा या संशोधनाशी काडीचा संबंध नाही. दोन, चार ते सात वेळा सौना घेणारे पुरुष अवघे २०१ होते. तीन, हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. ज्याला रोज सौना झेपते तो मुळातच धडधाकट असू शकतो, त्याच्याकडे निवांतपणा आणि घरची सौना असू शकते. आजारी माणूस आपणहून सौना कमी करतो. संशोधकांनी वय, रक्तदाब, धूम्रपान, व्यायाम अशा अनेक बाबींचा हिशेब वजा करून पाहिला आणि तरी फरक उरला, म्हणून तो अभ्यास मोलाचा ठरतो. तरीही ज्या देशात घराघरांत सौना आहे, ज्याच्या सौनासंस्कृतीची युनेस्कोने २०२० साली मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली, तिथल्या जन्मभराच्या सवयीचे फळ पुण्या-मुंबईतल्या दहा बैठकींच्या पॅकेजात मिळेल असे म्हणायला कोणताही आधार नाही.

यावर विक्रेत्यांचे उत्तर ठरलेले असते: आमची केबिन कमी तापमानाची आहे, सौम्य आहे, म्हणून जास्त वेळ बसता येते आणि तोच फायदा सुखाने पदरात पडतो. इथेच खरी गफलत आहे. उष्णतेचा गुण यायचा तर शरीराला ती जाणवावी लागते. शरीराच्या आतले तापमान वाढते, ते उतरवण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय जोरात आणि जास्त रक्त फेकू लागते. या ताणाला वारंवार तोंड देत देत रक्तवाहिन्या सुधारतात, असे या संशोधनामागचे तर्कशास्त्र आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली गरम पाणी, पारंपरिक सौना आणि इन्फ्रारेड केबिन या तिन्ही पद्धती त्याच त्या निरोगी तरुण स्त्री-पुरुषांवर पडताळल्या. साडेचाळीस अंशांच्या गरम पाण्यात पाऊण तास बसल्यावर शरीराच्या आतले तापमान सुमारे १.१ अंशाने वाढले. ८० अंशांच्या पारंपरिक सौनात दहा-दहा मिनिटांच्या तीन बैठकींनंतर वाढ सुमारे ०.४ अंश होती. इन्फ्रारेड केबिनमध्ये पाऊण तास बसूनही ते जवळपास जागच्या जागी राहिले. हृदयावरचे कामही तिथे सर्वात कमी वाढले. वीसेक जणांवरचा हा छोटा प्रयोग आहे आणि तो एका बैठकीपुरता आहे, त्यामुळे त्यावर सगळे सोडून देता येणार नाही. पण त्यातून निघणारा प्रश्न टाळताही येत नाही: ज्या सौम्यपणाचे कौतुक चालले आहे, तोच या केबिनचा उणेपणा असेल तर? आणि हृदयासाठी उष्णताच हवी असेल, तर लाखांत जाणाऱ्या केबिनपेक्षा गळ्यापर्यंत गरम पाणी भरलेला साधा टब सरस ठरतो, ही गोष्ट कोणता विक्रेता सांगेल?

इन्फ्रारेड उष्णतेचा स्वतःचा पुरावाही आहे आणि तो दडपून ठेवणे बेइमानीचे होईल. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात चुवा तेई यांनी १९८९ पासून हृदय दुबळे झालेल्या रुग्णांसाठी 'वाओन' उपचार विकसित केला. ६० अंशांच्या इन्फ्रारेड कक्षात पंधरा मिनिटे, मग ब्लँकेटमध्ये गुंडाळून अर्धा तास विश्रांती, आणि घामावाटे गेले तेवढे पाणी तोलून पुन्हा प्यायला देणे, असा त्याचा क्रम आहे. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत रक्तवाहिन्या आणि हृदयाचे काम सुधारल्याचे दिसले. नंतर जपानमधल्या १९ रुग्णालयांत १४९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. रुग्ण जास्त अंतर चालू लागले, धाप कमी झाली. मात्र चाचणीचा मुख्य निकष असलेल्या रक्तातल्या घटकाच्या बाबतीत, उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत ठोस फरक निघाला नाही. शिवाय कोणाला शेक मिळतो आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत होते, आणि चालण्यासारख्या मोजमापावर त्याचा परिणाम होतोच. नेदरलँड्समध्ये संधिवात आणि पाठीचा कणा आखडणाऱ्या आजाराच्या प्रत्येकी १७ रुग्णांना चार आठवड्यांत आठ वेळा इन्फ्रारेड सौना दिली. बसल्या वेळी वेदना आणि ताठरपणा कमी झाला, आजार बळावला नाही. पण चार आठवड्यांनंतर टिकणारा फायदा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. फिनलंडमध्ये बास्केटबॉल खेळाडूंना जोरदार व्यायामानंतर वीस मिनिटे इन्फ्रारेड केबिनमध्ये बसवले तेव्हा दुसऱ्या दिवशी स्नायू कमी दुखले. हे सगळे छोटे फायदे आहेत, पण खरे आहेत. विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट नैराश्याच्या बाबतीत दिसते. विस्कॉन्सिन विद्यापीठात तीसेक रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इन्फ्रारेड यंत्राने एकदाच दिलेल्या उष्णतेने काही आठवडे मन हलके राहिले, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला खोटी बैठकही दिली होती. पण तिथे रुग्णाच्या शरीराचे आतले तापमान ३८.५ अंशांवर पोहोचेपर्यंत, म्हणजे जवळपास ताप चढवल्यासारखे, त्याला तापवले होते, आणि तेही देखरेखीखाली. अवरक्त किरणांनी काम केले ते उष्णतेची मात्रा गाठली तेव्हाच. जिममधल्या केबिनमध्ये ती मात्रा कुणी मोजतही नाही.

विषद्रव्ये बाहेर काढण्याच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. शरीरातली टाकाऊ आणि घातक द्रव्ये हाताळायला यकृत आणि मूत्रपिंडे आहेत. घाम अंग थंड करण्यासाठी येतो आणि तो बहुतांशी पाणी आणि मीठ असतो. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली कीटकनाशकांसारख्या, शरीरात साचून राहणाऱ्या प्रदूषकांचा हिशेब मांडला, तेव्हा घामावाटे जाणारा त्यांचा भाग नगण्य निघाला. काही धातूंचे अंश घामात सापडतात हे खरे, पण सापडणे वेगळे आणि शरीरातला साठा उपसला जाणे वेगळे. वजनाचे तर आणखी सोपे आहे. लिटरभर घाम गेला की काटा किलोभर खाली येतो आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत वर जातो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातील प्रयोगात तासभर गरम पाण्यात बसून सुमारे १४० कॅलरी खर्च झाल्या, तेवढाच वेळ सायकल मारून सुमारे ६३०. इन्फ्रारेड बैठकीत सहाशे कॅलरी जळतात असे सांगणाऱ्याने बसून राहिलेल्या शरीरात त्या कुठे जळाल्या हे दाखवावे.

आता धोक्यांबद्दल, कारण तिथे बेफिकिरी जास्त आहे. निरोगी माणसाला पाणी पिऊन, मर्यादित वेळ केबिनमध्ये बसल्याने सहसा काही होत नाही. पण जाहिरात निरोगी माणसाला उद्देशून नसते. ती रक्तदाब आणि साखर वाढलेल्या पन्नाशीतल्या माणसाला हाक मारते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि तीनपैकी एकाहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेह जुना झाला की पायांतल्या नसा बधिर होतात, चटका कळत नाही, घाम येण्याची यंत्रणाही मंदावते. हीटरला पाय टेकला तर भाजून होईपर्यंत पत्ता लागत नाही. इन्सुलिन टोचून उष्णतेत बसले तर ते लवकर शोषले जाते आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांतल्या काही लघवी वाढवून शरीरातले पाणी घटवतात, काही हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. त्यावर उष्णतेने रक्तवाहिन्या सैल पडल्या की बाकावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, छातीत दुखण्याचे प्रमाण वाढत चाललेल्या, हृदयाची झडप आकसलेल्या रुग्णांनी तर यापासून दूरच राहावे. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत शरीराचे तापमान खूप चढले तर बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या जडणघडणीत दोष राहण्याचा धोका वाढतो, म्हणून त्या काळात सौना टाळायला सांगतात. इटलीतल्या संशोधकांनी दहा पुरुषांना तीन महिने पारंपरिक सौना दिली तेव्हा शुक्राणूंची संख्या घटली. सहा महिन्यांत ती पूर्ववत झाली, पण मूल होण्याची वाट पाहणाऱ्या जोडप्याला हे आधी कळायला हवे. मद्य पिऊन सौनात बसणे किती जीवघेणे असते हे फिनलंडमधल्या सौनामृत्यूंच्या नोंदींनी दाखवले आहे. यात आपल्या हवेची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातला माणूस आधीच घामाने सुकलेला असतो. फिनलंडच्या थंडीतून सौनात शिरणे आणि चंद्रपूरच्या ४४ अंशांतून केबिनमध्ये शिरणे सारखे नाही.

या सगळ्यावर घेतला जाणारा सर्वात वजनदार आक्षेप असा, की ज्यांना चालताच येत नाही त्यांचे काय? गुडघे झिजलेल्या, संधिवाताने जखडलेल्या, हृदय थकलेल्या माणसाला रोज पाऊण तास चालण्याचा सल्ला देणे सोपे असते; त्याला निदान बसल्या जागी हृदयाला थोडी चालना मिळत असेल, तर ती का नाकारायची? हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच हा विषय व्यापाऱ्यांच्या हाती सोडू नये असे वाटते. अशा रुग्णांसाठीच तर कागोशिमात काम झाले. तिथे रुग्ण रुग्णालयात होते, वेळ पंधरा मिनिटे होती, पाण्याचा हिशेब होता, रक्तदाब पाहणारे कुणीतरी शेजारी होते. त्या पद्धतीची चाचणी आपल्याकडच्या रुग्णालयांत, फिजिओथेरपी विभागांत व्हायला हवी. आपल्या हवेत, आपल्या औषधांवर असलेल्या रुग्णांवर. ती न करता त्याच पुराव्यावर जिममध्ये पाऊण तासाची बैठक विकणे ही त्या रुग्णांची सेवा म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप, लोकांना बरे वाटते. वाटतेच. दुखरी पाठ सैल पडते, फोन बाहेर राहतो, अर्धा तास कुणी हाक मारत नाही, रात्री झोप चांगली लागते. या सुखाला किंमत आहे आणि त्यासाठी पैसे मोजण्यात काही वावगे नाही. मात्र त्या सुखाच्या भरात कुणी रक्तदाबाची गोळी बंद केली किंवा चालायला जाणे सोडले, तर ते सुख फार महाग पडते.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे: स्वेदन तर आपल्याकडे हजारो वर्षे आहे, मग आता संशय का? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय सगळा स्वेदनावर आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत; जेन्ताक नावाच्या प्रकारात तर खोली बांधून मध्ये भट्टी पेटवायला सांगितली आहे, म्हणजे जवळजवळ सौनाच. पण त्याच अध्यायात घाम कुणाचा काढू नये याचीही तपशीलवार यादी आहे. गर्भवती, मधुमेही, नेहमी मद्य पिणारे, पित्ताचे आणि अतिसाराचे रुग्ण त्या यादीत आहेत. हृदय, डोळे आणि वृषण यांना शेक देऊच नये किंवा अगदी हलका द्यावा, असेही तिथे बजावले आहे. घाम जास्त काढला तर काय बिघडते आणि कधी थांबायचे, याची लक्षणे दिली आहेत. परंपरेचा हवाला देऊन केबिन विकणाऱ्यांनी ही यादी अर्ध्यावर सोडून दिली आहे. आधुनिक हृदयरोगतज्ज्ञ जे सांगेल त्याच्याशी या मनाई बऱ्याच ठिकाणी जुळतात.

इन्फ्रारेड सौनावर बंदी आणावी असे मी म्हणत नाही. त्याची गरजही नाही. कायदा आहे. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा १९५४ चा आहे आणि त्याच्या परिशिष्टात मधुमेह, हृदयरोग, रक्तदाब, लठ्ठपणा, संधिवात यांची नावे आहेत. हे आजार बरे करतो अशी जाहिरात करायला तो मनाई करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईसाठी केंद्रीय प्राधिकरण नेमले. सौनाच्या केबिनमागे लावलेल्या रोगांच्या यादीकडे या दोन्ही कायद्यांच्या नजरेतून पाहायला हवे. केंद्रचालकांकडून अपेक्षा मोजकीच आहे. जाहिरातीत आराम आणि स्नायूंची शिणवट एवढ्यापुरतेच बोलावे. पैसे घेण्याआधी वय, गर्भारपण, मधुमेह, हृदयविकार, चालू औषधे आणि दारू यांची विचारपूस करावी. पहिली बैठक दहा-पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नये. आधी-नंतर पाणी द्यावे, दार आतून ढकलताच उघडेल असे ठेवावे आणि हाकेच्या अंतरावर माणूस असावा. हृदयविकाराचा रुग्ण आला तर त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहावी, आणि ती नसेल तर त्याचे पैसे परत करावेत.